तेजरावच्या पुतळ्याची मिशी

पिशोरच्या बाजारतळाकडं वळलात की चौकात एक अर्धपुतळा दिसतो. सिमेंटचा, वरून सोनेरी रंग मारलेला. छातीवर तीन पदकं, डोक्यावर टोपी, आणि नाकाखाली चांगली जाडजूड, टोकं वर वळवलेली काळी मिशी. खाली लिहिलंय, ‘शहीद वीर जवान तेजराव’. यातलं तेजराव तेवढं खरं. बाकीचं सगळं गावानं आपल्या पदरचं घातलंय. त्यातल्या मिशीपायी आवडाबाई नावाची एक बाई उरलेला जन्म भांडली, आणि ते सांगायचा हक्क माझा आहे, कारण मी न्हावी आहे. तेजरावच्या ओठावर पहिला वस्तरा माझाच फिरला.

माझं नाव करीम. मूळचा सिल्लोडचा. वाळूजच्या कंपन्यांशेजारच्या बजाजनगरात निम्मे प्लॉट मोकळे होते आणि संध्याकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा धूळ जास्त असायची, तेव्हापासून माझं कटिंगचं दुकान तिथं आहे. दुकानामागच्या गल्लीत आवडाबाई राहायची. नवरा बद्रीनाथ पिशोरचा, वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर. ती सिल्लोडची. माझं गाव कळलं तशी पहिल्याच दिवशी म्हणाली, “मंग तुमी माहेरचे भाऊ झाले.” विचारलं नाही, ठरवून टाकलं. त्या दिवसापासून मी भाऊ आणि माझी सगीरा वैनी.

आवडाबाईची मेस होती. एकटी राहणारी कंपनीतली पोरं तिच्याकडं जेवायची. उशिरा येणाऱ्याला आधी शिव्या मिळायच्या, मग गरम भाकरी. भाजीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला ती म्हणायची, “आईला जाऊन सांग, मला नको.” तरी एकही पोरगं मेस सोडून गेलेलं मला आठवत नाही. कुणाला ताप आला तर तिच्याच घरातून पेज यायची. तोंड फाटकं आणि हात मोठा, अशी बाई.

तेजराव तिचा एकुलता एक. कॉलेजात एनसीसीत गेला आणि त्याच्या डोक्यात फौजेत अधिकारी व्हायचं भरलं. साधा जवान नाही, अधिकारी. बजाजनगरात तेव्हा पोरं आयटीआय करायची आणि कंपनीच्या गेटवर उभी राहायची. अधिकारी व्हायचं म्हणणारं पोरगं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. सकाळी कंपन्यांच्या रस्त्यानं तो पळायचा. पहिल्या पाळीला जाणारे सायकलवाले त्याला ओरडायचे, “अरे, बस चुकली का?” तो हसायचा आणि पळत राहायचा.

पळणाऱ्याला अंडी लागतात. बद्रीनाथ माळकरी, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. आवडाबाईनं त्यातून वाट काढली. पोरगं रोज सकाळी आमच्या घरी यायचं, सगीरा त्याला उकडलेली अंडी द्यायची, आणि तो आमच्याच मोरीवर चूळ भरून घरी जायचा. बद्रीनाथला हे माहीत होतं. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाला, “करीमभाई, तुमच्या घरचा चहा लई ताकदीचा दिसतो.” मी वस्तरा फिरवत राहिलो.

तर पोरगं पास झालं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, डॉक्टरी झाली आणि पुण्याकडच्या अकादमीत निवड झाली. आवडाबाईनं मेसमधल्या सगळ्या पोरांना त्या दिवशी पुरणपोळी घातली आणि शिव्याही नेहमीपेक्षा जास्त दिल्या. निघायच्या आदल्या दिवशी तेजराव माझ्या खुर्चीत येऊन बसला. म्हणाला, “काका, तिथं सगळं साफ लागतं. मिशी पण.” मी म्हणालो, “आधी दाखव तरी मिशी कुठाय.” खरंच काही नव्हतं. नुसतं मिसरूड, उन्हात धरलं तर दिसेल एवढं. साबण लावून वस्तरा फिरवला. एका हाताचं काम. त्यानं आरशात पाहिलं आणि लाजला.

डिसेंबरच्या सुटीत तो आला तेव्हा मान ताठ झाली होती, खांदे भरले होते, ओठ मात्र तसाच मोकळा. आईबापासोबत पिशोरला गेला. तिथं त्याच्या आज्यानं, कडूबानं, बाजेवरूनच त्याला न्याहाळलं आणि विचारलं, “काय रं, बाप मेला का तुझा?”

ही आमच्याकडची रीत आहे, परक्यानं ऐकली तर दचकेल. बाप जिवंत असताना पोरानं मिशी काढायची नाही. बाप गेला की काढायची. शहरात आता कोण पाळतं! माझ्याच दुकानात रोज कितीतरी जिवंत बापांची पोरं सफाचट होऊन जातात. पण गावाकडं म्हातारी माणसं अजून टोकतात. तेजरावनं आज्याला सांगितलं की अकादमीत रोज सकाळी गालावर कापूस फिरवून बघतात. तसं खरंच बघतात की त्यानं आज्याची फिरकी घेतली, मला माहीत नाही. आज्या म्हणाला, “मंग तुमच्या सायबायचे बाप मेले असतील.” सगळे हसले. आवडाबाईनं हसता हसता पोराच्या ओठावरून अंगठा फिरवला. म्हणाली, “लहान असताना असाच होता.” हे तिनंच मला पुढं सांगितलं, एकदा नाही, शंभरदा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेजराव गेला. ताप आला, तो डोक्यात चढला आणि उतरला नाही. दवाखान्यानं कुचराई केली नाही, अकादमीनं केली नाही. बद्रीनाथ आणि आवडाबाई पोचले तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. कुणावर राग काढावा असं काहीच नव्हतं. मला वाटतं तेच वाईट झालं. पुढं सगळा राग मिशीवर निघाला तो त्यामुळं.

तो उन्हाळा कारगिलचा होता. रोज टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसत होत्या. जिल्ह्याजिल्ह्यात मिरवणुका निघत होत्या. अशात फौजेची गाडी तेजरावला घेऊन पिशोरला आली. सोबत वर्दीतली माणसं होती, पेटीवर फुलं होती. गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. काकासाहेब म्हणून गावचे पुढारी, त्यांनी भाषणात ‘सीमेवर’ हा शब्द वापरला. बद्रीनाथच्या शेजारी मी उभा होतो. त्याला काही ऐकू येत होतं असं वाटत नाही. आवडाबाईला आलं. ती मला म्हणाली, “भाऊ, तापानं गेला हो माव्हा. ह्या लोकायला कुनी सांगा ना.”

कुणाला सांगणार? तापानं मेलेला कॅडेट कुणाला नको होता. गोळी लागलेला जवान सगळ्यांना हवा होता. पोरगं एकोणीस वर्षांचं होतं, अजून शिकत होतं, त्याच्या खांद्यावर एकही पट्टी चढली नव्हती. त्याचं मरण जसं होतं तसं पुरेसं वाईट होतं. पण गावाला ते थोडं कमी पडलं.

वर्षाच्या आत काकासाहेबांनी पुतळा करायचं मनावर घेतलं. घरी येऊन फोटो मागितला. वर्दीतला, टोपीतला एकच फोटो होता, अकादमीतून आलेला. आवडाबाईनं तो देवघराशेजारून काढून दिला. कारागिराच्या नावानं गेला तो गेलाच. काकासाहेबांचा माणूस म्हणायचा कारागिराकडं आहे, कारागीर म्हणायचा मी परत दिला. दुसरा मागवू, मागवू म्हणत बद्रीनाथनं मागवला नाही. त्याच्यानं ते पत्र लिहवलं नसेल. घरात राहिले ते शाळेतले फोटो, अर्ध्या चड्डीतले.

पुतळ्याच्या अनावरणाला आम्ही दोघं, मी आणि सगीरा, त्यांच्यासोबत गेलो. पडदा सरकला आणि टाळ्या पडल्या. मी वर पाहिलं तर मला तो चाळिशीचा फौजदार वाटला. मिशी पाहून मी, न्हावी माणूस, मनात म्हणालो, ही वाढवायला निदान दहा वर्षं लागतात. पदकं कसली होती ते कारागिरालाच ठाऊक. आवडाबाई एकटक बघत होती. मग तिच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले.

ती बोलली. स्वच्छ बोलली. “हे माव्हं लेकरू नाय.”

पुढचं वाक्य होतं, माझ्या लेकराला मिशी नव्हती. पण ते लाउडस्पीकरवर आलंच नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माइक अलगद काढून घेतला होता. ते भरल्या गळ्यानं म्हणाले, “ऐकलंत? ही वीरमाता म्हणते आहे, हे लेकरू आता माझं नाही, भारतमातेचं आहे!” चौक दणाणला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काकासाहेबांनी वाकून आवडाबाईचे पाय धरले आणि फोटोवाल्यानं तो क्षण बरोबर टिपला. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच वाक्य आलं, तिच्या नावावर.

मला आजही त्या गुरुजींची मान खुर्चीत सापडली तर काय करीन सांगता येत नाही.

आवडाबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं काकासाहेबांचं घर गाठलं. पदकं ठेवा म्हणाली, शहीद लिहा म्हणाली, तुमच्या मनात येईल ते करा, फक्त मिशी काढा. त्याचं तोंड त्याचं राहू द्या. काकासाहेबांनी तिला आदरानं बसवलं, चहा पाजला आणि समजावलं.

“वैनी, कारागिरानं बिनमिशीचाच केला व्हता. मीच थांबवलं. बद्रीभाऊ जिता हाये. भर चौकात पोराची मिशी काढलेली दाखवायची म्हंजी बापाचं काय चिंतायचं? उद्या त्यायला काही झालं तर लोक मला बोलतील.”

म्हणजे मिशी तेजरावची नव्हतीच. ती बद्रीनाथच्या आयुष्यासाठी लावलेली होती. आणि ही अडचण मोठी होती, कारण आता मिशी काढा म्हणणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठणं. गावातल्या बायकांनी ते तसंच घेतलं. पाणवठ्यावर, लग्नकार्यात, तिच्या मागं कुजबुज व्हायची. एकीनं तोंडावर विचारलं, “पोरगा गेला, आता मालकाला पन धाडती का?” त्या बाईच्या घरचं जेवण आवडाबाईनं कायमचं सोडलं.

तरी ती दर सणाला विषय काढायची. एक दिवस बद्रीनाथ दाढीला आला. त्याला तेव्हा छातीचा त्रास सुरू झाला होता, गोळ्या चालू होत्या. आवडाबाई दुकानाच्या पायरीशी उभी राहून मला सांगत होती की पंधरा ऑगस्टला परत काकासाहेबाकडं जायचं. बद्रीनाथच्या तोंडाला साबण लावलेला होता. तो आरशातूनच तिला म्हणाला, “आवडे, ऱ्हाऊ दे ना ती मिशी. मी हाये तवर ऱ्हाऊ दे.”

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आवडाबाई वळली आणि घरी गेली. त्यानंतर बद्रीनाथच्या हयातीत तिनं मिशीचं नाव काढलं नाही. तिच्या जिवावर ते किती आलं हे तिला बघणाऱ्याला कळायचं. दर सव्वीस जानेवारीला तिला गावात बोलवायचे, पहिल्या रांगेत बसवायचे, हार घालायला लावायचे. ती हार घालायची आणि मान खाली ठेवूनच परत फिरायची.

याहून कडू गोष्ट घरात घडत होती. बद्रीनाथ हळूहळू पुतळ्यावर विश्वास ठेवायला लागला. पाहुण्यांना सांगताना म्हणायचा, “लई रुबाबदार दिसायचा. मिशी त्याला शोभायची.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चुकून बोलला. मग परत ऐकलं. आवडाबाई तिथंच बसून भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं नाही. त्या माणसाचा मला राग आला आणि कीवही आली. त्याच्याजवळ पोराचं दुसरं काय उरलं होतं? रोज चौकात सोन्याच्या रंगात उभा असलेला तोच सोपा होता.

बद्रीनाथ गेला तो कंपनीतून रिटायर व्हायच्या आधीच. पिशोरला दहावा झाला. मी गेलो होतो. विधी पुतण्यानं केला आणि नदीवरून तो डोकं, मिशी काढून परतला. मांडवात माणसं बसली होती, काकासाहेब मधोमध. आवडाबाई घरातून बाहेर आली. पांढरी फटक झालेली, पण पदर खोचलेला. मी ओळखलं, ही भांडायला उठली.

“काकासाहेब,” ती म्हणाली, “पुतन्यानं मिशी काढली. पोराची कामून ऱ्हाती?”

काकासाहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

“तुमच्याच तोंडचा शब्द हाये. बाप जिता हाये म्हनून ठिवली. आता त्याचा बाप मेला. काढा.”

काकासाहेब बसल्या जागी हलले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “वैनी, पुतळ्याला सुतक नसतंय.”

“मंग पुतळ्याला बाप कसा व्हता?”

एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की बाई बरोबर बोलतेय, असं मी म्हणणार नाही. पुष्कळांना वाटलं असेल. खाली बघणारे खूप होते. मी बोललो. म्हणालो, “मी त्याची दाढी केलेली आहे, त्याला मिशी नव्हती, बाई खरं सांगतात.” एक जण म्हणाला, “भाई, तुम्ही पाहुणे आहात, चहा घ्या.” म्हणजे गप्प बसा.

आवडाबाई आत गेली आणि बद्रीनाथची पिशवी घेऊन आली. तिच्यात त्याची हत्यारं होती, छिन्नी, हातोडी. ती चौकाकडं निघाली. मी मागं, माझ्या मागं निम्मा मांडव. पुतळ्याच्या कट्ट्यावर भरतीची तयारी करणारी पोरं बसलेली असतात. पळायला जायच्या आधी पुतळ्याच्या पाया पडतात. बाई कट्ट्यावर चढायला लागली तशी त्यांनी तिला धरलं. झोंबाझोंबी काही झाली नाही. फार अदबीनं धरलं. एकानं तिच्या हातातली छिन्नी सोडवून घेतली आणि तिच्याच पायावर डोकं ठेवलं. “आज्जी, असं नका करू. तेजराव दादा आमचं दैवत हाये. आमी रोज ह्याच तोंडाकडं पाहून पळतो.”

ते पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पोराला जेमतेम मिसरूड फुटलेलं होतं. आवडाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती एकदम ढासळली. तिला मीच धरून घरी आणलं. मागं बायका म्हणत होत्या, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला, दुसरं काय. काकासाहेबांनी तिला डॉक्टरकडं न्यायला गाडी देऊ केली.

ती बजाजनगरला परतली. मेस बंद केली होती, घरात एकटीच. सगीरा दोन वेळचं बघून यायची. मला वाटलं होतं काही दिवसांनी पुन्हा पदर खोचेल, पुन्हा म्हणेल चला भाऊ पिशोरला. तिनं गावाचं नाव काढलं नाही.

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं तर ती पायरीवर बसलेली. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. मी म्हणालो, “बाई, आत या, खुर्चीत बसा.” ती उठली नाही.

“भाऊ, खरं सांगा. त्याला मिशी नव्हती ना?”

“नव्हती.”

“तुमचा हात फिरलाय.”

“माझाच फिरलाय. नव्हती. वाटलं तर पिशोरच्या चौकात जाऊन ओरडून सांगतो.”

तिनं नको म्हणून मान हलवली. रस्त्यावरून पहिल्या पाळीच्या बसगाड्या जात होत्या.

“रात्री सपनात आल्ता. इतक्या वर्षांत पयल्यांदा. दारात उभा, ड्रेस घालून. मी भाकरी थापत व्हते. वर पाह्यलं तर मिशी व्हती, भाऊ. तसलीच.”

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. विचारलं, “मग? काही बोलला का?”

“तो काय बोलनार? मीच पदर सावरला अन् इचारलं, कोन पायजे तुमाला?”